क्षितिजचे मराठीतले फोन

माझा मुलगा क्षितिज कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कॉलेजच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळतो. उद्या त्याच्या शेवटच्या वर्षातला पहिला सामना आहे. तिथे शनिवारची संध्याकाळ असेल तेव्हा इथे सिंगापुरात रविवार सकाळचे दहा वाजतील. धम्मदीप, म्हणजे माझा नवरा, आत जाऊन पडलाय. झोपलाय की नाही कोण जाणे. मला झोप येणार नाही हे माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. क्षितिजचा खेळ कसा घडला हे कधीतरी नीट लिहून काढायचं होतंच. गेल्या वर्षीपर्यंत ते आनंदानं लिहिता आलं असतं.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पाय आठवतात. हा खेळ हातांचा आहे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. क्षितिज वाइड रिसीव्हर आहे. म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की ठरलेल्या रेषेत धावत सुटायचं, ठरलेल्या जागी वळायचं, आणि आपल्या माणसानं लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. झेलला की समोरच्या संघातले येऊन तुम्हाला आडवं करतात. मी माझ्या सासूबाईंना, शांताबाईंना, नागपूरला फोनवर हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झेलल्यावर मारतात? मग झेलतो कशाला?"

क्षितिजची बोटं त्याच्या आजोबांवर गेली आहेत. माझे सासरे दादाराव नागपूरला कापडगिरणीत कामाला होते, चालत्या यंत्रावर तुटलेले धागे सांधायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण चहाचा कप धरतानासुद्धा त्यांची लांब बोटं अशी हलकी असायची की कप आपोआप हवेत थांबलाय असं वाटावं. क्षितिज चेंडू तसाच धरतो. चेंडू येतो आणि आवाज न होता थांबतो.

आवाज न होण्याचं कारण मात्र आजोबा नाहीत. कारण जुरोंग ईस्ट.

धम्मदीपला बुओना व्हिस्टाला संशोधनाची नोकरी लागली आणि आम्ही जुरोंग ईस्टला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा क्षितिज प्राथमिक शाळेत होता. बारा वर्षांचा झाल्यावर शाळेतल्या एका मित्राबरोबर तो रविवारच्या फ्लॅग फुटबॉलला जायला लागला. फ्लॅग फुटबॉल म्हणजे याच खेळाचं निरुपद्रवी भावंड. कमरेच्या पट्ट्याला दोन कापडी फिती लटकवायच्या. समोरच्यानं फीत ओढून काढली की तुम्ही बाद, खेळ तिथेच थांबतो. कुणी कुणाला पाडत नाही. मी पहिल्या रविवारी मैदानाच्या कडेला छत्री घेऊन बसले होते, आणि फीत ओढली गेल्यावर मुलं हसत परत जागेवर जाताना बघून मला बरं वाटलं होतं. क्रिकेटचा चेंडू लागतो, फुटबॉलमध्ये गुडघे फुटतात, हे किती छान, असं मी धम्मदीपला घरी येऊन सांगितलं.

तिथले कोच वेंग अमेरिकेत शिकून आलेले. त्यांनी क्षितिजची बोटं बघितली आणि सांगितलं की याला रोज चेंडू झेलायला द्या. धम्मदीप प्रयोगशाळेतून उशिरा यायचा. मग चेंडू कोण फेकणार? मी.

इथल्या ब्लॉकचा तळमजला खांबांवर मोकळा सोडलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. आमच्या व्हॉइड डेकवर इतर सगळ्या ठिकाणी असते तशी पाटी होती, चेंडू खेळायला मनाई. तिथे रोज संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीतली कॉफी पीत एक म्हातारे चिनी गृहस्थ बसायचे. आम्ही त्यांना अंकल सेंग म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी पाटीकडे बोट दाखवून क्षितिजला हटकलं.

"बॉय, हियर कॅनॉट प्ले बॉल."

"अंकल, आय नॉट प्लेइंग. आय कॅचिंग ओन्ली."

अंकल सेंगनी कॉफीचा घोट घेतला, विचार केला आणि म्हणाले, "नो साउंड, आय नेव्हर सी."

आवाज झाला नाही, तर मी पाहिलं नाही. ठरलं. चेंडू जमिनीवर पडला की त्याचा आवाज घुमून वरच्या मजल्यांपर्यंत ऐकू जायचा, म्हणून चेंडू पडू द्यायचाच नाही. एखादा निसटला की अंकल सेंग खाकरायचे आणि आम्ही दोघं चोरासारखे लिफ्टकडे सटकायचो. माझी फेक भयंकर होती. कधी डोक्यावरून, कधी घोट्यापाशी, कधी खांबाच्या मागे. चेंडू जिथे जाईल तिथे क्षितिज हात नेऊन तो उचलायचा. कोच वेंग पुढे म्हणाले होते की या मुलाचे हात त्याच्या आईच्या वाईट फेकीनं घडवले. इतकी खूश मी पदवी मिळाली तेव्हाही झाले नव्हते.

कोचनी मला एकच नियम दिला होता. चेंडू हातात येऊन थांबेपर्यंत मुलाची नजर चेंडूवरून हलता कामा नये. क्षितिजची हलायची. लिफ्टचं दार वाजलं की तो तिकडे बघायचा, कुणी सायकल घेऊन आलं की तिकडे. मी त्याला दटावायचे, कोण येतंय ते बघू नकोस, इकडे बघ. काही महिन्यांत त्याच्या अगदी अंगाला घासून माणूस गेला तरी त्याची पापणी हलेनाशी झाली.

तो वाढला, उंच झाला, इथल्या संघाकडून शेजारच्या देशांत खेळून आला. बोलणं मात्र सगळं इंग्रजीत, आणि तेही इथलं. मी मराठीत विचारायचं, त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं. जेवलास का? ऑलरेडी ईट, लाह. धम्मदीपला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. नागपूरला गेल्यावर आजीसमोर तो नुसता हसत बसायचा आणि आजी माझ्याकडे बघायची, जणू मीच त्याची जीभ सिंगापुरात ठेवून आले होते.

अमेरिकेतल्या कॉलेजनं त्याला मार्कांवर घेतलं. संघात ये म्हणाले, जागा मिळेल असं म्हणाले नाहीत. पहिलं वर्षभर तो सामन्यात उतरलाच नाही. पुढच्या शनिवारी ज्या संघाशी सामना असेल त्याच्या रिसीव्हरची नक्कल करायची, म्हणजे आपल्या मुलांचा सराव होतो, हे त्याचं काम. दर आठवड्याला तो वेगळ्याच कुणासारखा धावायचा आणि दर आठवड्याला त्याला पाडलं जायचं. कमरेची फीत तिथे नव्हती. पहिल्यांदा पाडलं गेल्याचं त्यानं आम्हाला महिन्यानंतर सांगितलं. दुसऱ्या वर्षी थोडाथोडा उतरायला लागला. वजन वाढवायला सकाळी उठून सहा अंडी खायचा, आणि त्याला अंड्यांचा वासही आवडत नाही. तिसऱ्या वर्षी जागा मिळाली, पहिल्या अकरांत. त्याच्या पाठीवरचं आमचं आडनाव मी लॅपटॉपच्या पडद्यावर बघितलं तेव्हा धम्मदीपनं चष्मा काढून पुसला.

त्याच वर्षी मी त्याच्याकडून एक कबूल करून घेतलं. पाडल्यावर मैदानावर पाच-सात जण एकावर एक पडतात, कॅमेरा लांब असतो, कोण उठलं कळत नाही. म्हणून उठल्यावर डाव्या हातानं हेल्मेटवर एक टपली मारायची. म्हणजे आई, मी ठीक आहे. तो हसला, पण करायला लागला. प्रत्येक वेळी. त्याच्या संघातल्या मुलांना वाटायचं ही त्याची काहीतरी लकब आहे.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी मैदानाच्या मधोमध त्याच्याकडे उंच चेंडू आला. तो मागे वळून हवेत उडाला, नजर चेंडूवर, आणि दुसऱ्या बाजूनं समोरच्या संघातला एक मुलगा पूर्ण वेगात आला. क्षितिजनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. चेंडू हातातून सुटला नाही. तो उठला, टपली मारली. मग चालत बाकावर गेला, आणि तिथे गेल्यावर त्यानं परत एकदा टपली मारली.

"आज बोनस," धम्मदीप म्हणाला.

मी पोहे वाढत होते. मलाही हसू आलं. दोनदा आठवण काढली लेकरानं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. एरवी मेसेज येतो, दोन शब्दांचा. फोन आला, आणि तो मराठीत बोलला. "आई, काय करतेस?" मी हातातलं काम टाकून खाली बसले. मोडकंतोडकं, शब्द शोधत शोधत, पण सगळं मराठीत. त्यानं विचारलं की लहानपणी डोकं दुखलं की आजी कपाळाला काय लावायची. सुंठ, मी म्हटलं, उगाळून. का रे, दुखतंय का? थोडं, म्हणाला, अभ्यास आहे. मग म्हणाला, "तू बोल. मी ऐकतो." मी अर्धा तास बोलले. काय केलं जेवायला, कोण भेटलं, काहीही.

त्या दिवशी मी किती जणांना सांगितलं असेल. महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींना सांगितलं की घाबरू नका, मुलं परत येतात भाषेकडे, लांब गेली की येतात. संध्याकाळी एमआरटीनं लिटिल इंडियाला जाऊन सुंठेचे चांगले गड्डे घेतले आणि छोट्या सहाणेसकट कुरिअरनं पाठवले.

दुसऱ्याच दिवशी परत फोन, परत मराठीत. या वेळी मी नागपूरलाही जोडून घेतलं. शांताबाई किती वर्षं वाट बघत होत्या. त्यांनी त्याला सुंठ कशी उगाळायची ते सांगितलं, लेप किती जाड हवा ते सांगितलं, मग त्याच्या आजोबांच्या गोष्टी, मग शेजारच्या लग्नाची गोष्ट. तो हो आजी, हो आजी म्हणत होता. आजी मोठ्यानं बोलतात, त्यांना कमी ऐकू येतं. मी मध्येच मोबाइलचा आवाज वाढवला, कारण तो फार हळू बोलत होता.

तिसऱ्या फोनवर मी म्हटलं व्हिडिओ लाव, तोंड बघू दे. नको म्हणाला. मी हट्ट धरला. तेवढ्यात मागून त्याच्या रूममेटचा आवाज आला, सगळं ठीक ना असं तो इंग्रजीत विचारत होता, आणि क्षितिजनं अगदी झटकन, हसत, इंग्रजीत उत्तर दिलं, काही नाही रे, आई आहे. मग माझ्याशी परत मराठीत.

"व्हिडिओ नको आई. उजेड डोळ्यात घुसतो."

"कसला उजेड?"

"फोनचा. सगळा. मी अंधारात झोपून आहे."

"क्षितिज, इंग्रजीत सांग. नीट सांग मला."

"इंग्रजीत नाही सांगू शकत," तो म्हणाला. "हा पण टीममध्ये आहे. त्याला कळायला नको, म्हणून तर मराठीत बोलतो तुझ्याशी."

नंतर सगळं बाहेर आलं. त्या रविवारी पडल्यावर पुढचा काही वेळ त्याला आठवत नव्हता. टपली मारली की नाही तेही आठवलं नाही, म्हणून बाकावर जाऊन परत मारली. संघातल्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनरनं विचारलं तेव्हा ठीक आहे म्हणाला. वर्गात फळ्याकडे बघितलं की मळमळायचं. सराव चालूच होता, झेल घेताना त्याला कधी दोन चेंडू दिसायचे. "मग मी मधला पकडतो," म्हणाला. विनोद करत होता.

मी ट्रेनरला सांग म्हटलं. नाही म्हणाला. सांगितलं की हेल्मेट काढून घेतात, दोन सामने उरलेत, त्याच्या जागेवर पहिल्या वर्षाचा एक मुलगा टपून बसलाय. आठवड्यात उतरेल आपोआप. मी रडले. धम्मदीपनं फोन घेतला. मेंदूला एकदा हादरा बसलेला असताना, तो बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर काय होऊ शकतं, ते त्याला शांतपणे, एखाद्या सहकाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. क्षितिजनं ऐकून घेतलं. मग मला परत फोन द्यायला सांगितला.

"आई, तू कुणाला सांगितलंस तर मी परत तुला काही सांगणार नाही. प्रॉमिस."

आमचा मुलगा धमकावणारा नाही. त्याला मराठीत ते जसं आलं तसं त्यानं सांगितलं.

धम्मदीपचं म्हणणं असं की तो वीस वर्षांचा आहे आणि त्यानं विश्वासानं सांगितलंय. मग तो उठून बाल्कनीत गेला आणि तिथेच उभा राहिला. मला दिसत होतं की मी ट्रेनरला फोन करावा असं त्याला वाटतंय, आणि करू नको असंही त्यालाच म्हणायचं आहे. मी दोन दिवस काही केलं नाही. त्या दोन दिवसांत क्षितिजनं सराव केला. कॉलेजच्या पानावर त्याचा धावतानाचा फोटो आला, मी तो मोठा करकरून बघितला. फोटोत काय दिसणार?

शुक्रवारी मी संघाच्या ट्रेनरला फोन लावला. ती तरुण बाई होती, आवाज समजूतदार. मी कोण ते सांगितल्याबरोबर तिनं मला थांबवलं. विद्यार्थी सज्ञान आहे, त्याच्या प्रकृतीबद्दल ती मला काही सांगू शकत नाही, असा नियम आहे. मग म्हणाली, "पण तुम्ही मला सांगू शकता."

ती वाट बघत होती. मागे कुणीतरी चेंडू आपटत होतं. मग मी सांगितलं.

त्या रविवारी सामन्यात क्षितिज बाकाच्या टोकाला उभा होता. अंगात जर्सी, डोक्यावर हेल्मेट नाही. कॅमेरा त्याच्यावर एकदाच गेला. त्याच्या जागी तो पहिल्या वर्षाचा मुलगा खेळला, चांगला खेळला. मी पोहे केले नव्हते. सामना संपल्यावर मेसेज आला, इंग्रजीत. नाऊ हॅपी?

नंतर ओके. फाइन. बिझी. दिवाळीला ओके, नव्या वर्षाला थँक्स. डोकं कसं आहे विचारलं की उत्तरच नाही. दुखणं उतरलं हे आम्हाला त्यानं सांगितलं नाही. डिसेंबरात तो परत अभ्यासिकेत बसल्याचा फोटो दिसला त्यावरून मी अंदाज केला. उन्हाळ्यात घरी आला नाही, तिथेच कुठेतरी काम धरलं. सुंठेचं कुरिअर मिळालं का, हे मी अजून विचारलेलं नाही. मे महिन्यात एक व्हिडिओ आला, सोबत शब्द एकही नाही. तो एकटा भिंतीवर चेंडू फेकून झेलत होता. आवाज अजिबात येत नव्हता, आधी मला वाटलं माझ्या मोबाइलचा आवाज बंद आहे. मग भिंतीला चेंडू लागल्याचा आवाज आला आणि कळलं की झेलताना तो होत नाही. मी तो धम्मदीपला दाखवला, आणि उत्तरादाखल वर केलेला अंगठा पाठवला.

जूनपासून फोन सुरू झाले. छोटे. इंग्रजीतच.

कॉलेजच्या डॉक्टरांनी त्याला तपासून खेळायची परवानगी दिली आहे. सगळ्या चाचण्या झाल्या, सगळं नियमानं झालं. मी केलेल्या फोनमुळे तो तेव्हा दोन सामने बाहेर बसला, एवढंच झालं. आता मी कुणाला काय सांगणार? सांगायला माझ्यापाशी काही नाही आणि विचारायला कुणी नाही. उद्या तो परत धावेल, मधोमध जाऊन वळेल, आणि उडाला की चेंडूकडे बघेल. कोण येतंय ते बघणार नाही. ती सवय मोडता येत नाही, ती मोडली तर तो रिसीव्हर राहणार नाही.

शांताबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. त्या दर फोनला विचारतात, परत नाही का गं बोलला मराठीत? किती गोड बोलत होता. मी सांगते, बोलेल. आणि सांगता सांगता मनात म्हणते, नको. जूनपासून त्याचा फोन वाजला की मी आधी पहिला शब्द ऐकते, बाकी नंतर.

इथपर्यंत लिहिलं आणि फोन वाजला. तिथे सकाळ झालेली. तो.

"हाय मा. यू नेव्हर स्लीप, इझ इट?"

मी म्हटलं, झोपतेच आहे. त्यानं सांगितलं की नवे बूट चांगले आहेत, नाश्त्याला परत अंडी आहेत, समोरचा संघ मोठमोठ्या मुलांचा आहे पण हळू आहे. भरभर बोलत होता, दात घासत असावा. मागे त्याच्या रूममेटनं गाणं लावलेलं. मी एकेक शब्द ऐकत होते. मग मी विचारलं, उद्या टपली मारशील ना? गेल्या वर्षीनंतर आम्ही तो विषय काढलेला नाही.

"वन टाइम," तो म्हणाला. "वन टाइम ओन्ली, मा. इफ टू टाइम्स, यू कॉल द ट्रेनर."

मी हो म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

मी दिवा मालवायला उठले तर आतून धम्मदीपचा आवाज आला. तो जागाच होता.

"कशात बोलला?"

"इंग्रजीत," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

तो कुशीवर वळल्याचं मला ऐकू आलं.